पटावरचं विसावं नाव

"मले नाई येत ते भाषा," ती म्हणाली, आणि मी ड्रेसिंगच्या स्टुलावर बसल्या जागी दचकले. इतकी, की टाचेची पट्टी सोडणारी सिस्टर म्हणाली, "दुखलं का आजी?" दुखलं काहीच नव्हतं. साखरेनं माझी टाच कधीचीच बधिर झालीय, सुई टोचली तरी पत्ता लागत नाही. दचकले ते त्या वाक्यानं. ते वाक्य माझं होतं. शब्द माझे, शेवटी आवाज जरा खाली टाकायचा तोही माझाच, आणि म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघायचं, म्हणजे चेहरा पडत नाही, हेही मीच शिकवलेलं. सतरा वर्षांपूर्वी, शाळेच्या मागच्या पडवीत, रोज मधल्या सुट्टीत, खिचडी वाढायच्या आधी. ड्रेसिंगच्या खोलीला लागूनच बायकांचा वॉर्ड, मधलं दार अर्धं उघडं. आत पांढऱ्या कपड्यातली एक सिस्टर पाठमोरी उभी होती, अंबाडा जाळीत घातलेला. बुधरी. ती चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात लागलीय हे मला माझ्या मुलानं, भूपेशनं, दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणून तर मी इतके दिवस मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे पाय घेऊन जात होते. आज मनाला म्हटलं, दवाखाना केवढा मोठा, ती कुठं भेटायला बसलीय! आणि आता म्हटलं, तारा, तिकडे बघू नको. पट्टी झाली की ऑटो कर अन् घरी जा.

पण कान का बंद होतात? आत खाटेवर एक म्हातारी होती. सिरोंच्याकडून ॲम्ब्युलन्सनं आणलेली, आतड्याला पीळ पडलेला, पोट फुगून टणक झालेलं. सोबतचा माणूस अहेरीलाच उतरला म्हणे, मागून बसनं येतो सांगून, तो अजून यायचाच होता. दिव्यानी मॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीण होती, आवाजावरून भली वाटली. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की पोट उघडावं लागेल, आजच, आत्ताच, आणि म्हातारीनं कागदावर अंगठा द्यायला हवा. म्हातारीनं अंगठा मुठीत घातला होता अन् ती मूठ छातीशी दाबून धरली होती. दोनदा तिनं सलाईन ओढून काढलं होतं. गोंडी येणारी एक आया शोधून आणली, तिनं दोन-चार वाक्यं बोलून पाहिली अन् हात झटकले. "हे आपल्या इकडली नाई बोलत मॅडम. नदीपल्याडची हाय. मले अर्धं बी समजत नाई." तेव्हा डॉक्टरणीनं त्या पाठमोऱ्या सिस्टरला विचारलं, "भाग्यश्री, तू पण तिकडचीच ना गं? तुला येते का?" आणि तिनं माझं वाक्य म्हटलं. धडा अगदी पाठ होता. मास्तरणीला याहून मोठं सुख ते कोणतं, नाही का?

मला कंटाळा आलाय या आठवणीचा, खरंच सांगते. रिटायर होऊन चार वर्षं झाली. सकाळी गॅलरीत कोळशाची काळी धूळ झाडते, दुपारी मालिका बघते, आणि मधेच कधीतरी, कुकरची शिटी मोजता मोजता, मला हजेरी ऐकू येते. एक ते वीस. त्या गावाचं नाव मी आजही कोणाला सांगत नाही, तिथल्या दाखलखारीज रजिस्टरात माझी सही आहे. इंद्रावतीच्या अलीकडच्या अंगाला, तळ्याकाठचं गाव, दोन खोल्यांची शाळा, अन् पटावर वीस पोरं. शिक्षणखात्याच्या साहेबांनी दम देऊन ठेवला होता की पट विसाच्या खाली गेला की शाळा शेजारच्या गावाला जोडून टाकीन. शेजारचं गाव म्हणजे मधे सात किलोमीटर जंगल. आमचं विसावं नाव होतं भाग्यश्री डोमा शेंडे. पहिलीतली. डोमाभाऊ तळ्यात मासे धरायचा, त्याची ही एकच पोरगी. जूनमध्ये मी तिचं नाव घातलं आणि पोळ्याच्या आठवड्यात ती तापानं गेली. गेली म्हणजे तीन दिवसांत गेली, खाटेवर टाकून नाल्यापर्यंत नेली तोवर संपलंच होतं. मी नाव कमी केलं नाही. आज करते, उद्या करते. शाळेचा विचार होता की डोमाभाऊच्या बायकोचा, शकुबाईचा, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. लाल शाईनं त्या नावावर रेघ मारायला हातच धजेना.

दिवाळी झाल्यावर नदीपल्याडून माणसं आली. त्यांचं गाव जळालं होतं. कोणी जाळलं, हे ते सांगत नव्हते आणि आम्ही विचारत नव्हतो. तिकडे तेव्हा असं कोणी विचारतच नसे. अकरा घरांची माणसं, गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर भांडी घेऊन. डोमाभाऊनं त्यांना तळ्यामागे झोपड्या टाकू दिल्या. दोनदा त्या झोपड्या पाडल्या गेल्या, दोनदा त्यांनी परत उभ्या केल्या. सरकारदरबारी ही माणसं कोणीच नव्हती. देश तोच, फक्त नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात आलेली, म्हणून निर्वासितही नव्हती. ना राशनकार्ड, ना दाखला. त्यांतली सहा पोरं माझ्या शाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहायला लागली. खिचडीच्या वासानं येतात असं आमचे मुख्याध्यापक म्हणायचे. असेल. पण एक पोरगी खिचडी संपल्यावरही जायची नाही. फळ्यावर मी जे लिहीन ते ती खिडकीच्या गजावर बोटानं लिहायची. तीच बुधरी. सहा वर्षांची असेल, सात असेल, कोणाला माहीत.

मी काहीच खोटं लिहिलं नाही. ही माझी सतरा वर्षांची सबब आहे आणि ती कोर्टातही टिकेल. मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. फक्त एके दिवशी हजेरी घेताना विसाव्या नावाशी थांबले, खिडकीकडे बघितलं अन् म्हटलं, "भाग्यश्री डोमा शेंडे." तिला हातानं आत बोलावलं, रिकाम्या जागेवर बसवलं, आणि तिच्याकडून म्हणून घेतलं, "हजर बाई." झालं. नाव होतं, जन्मतारीख होती, बापाचा रकाना भरलेला होता. एका पोरीला शाळा मिळाली, शाळेला विसावी पोरगी मिळाली. यांतलं आधी माझ्या मनात काय आलं, ते देवाशपथ मला आठवत नाही. आठवते ती शकुबाई. ती त्या वेळी शाळेच्या कुंपणाशी काड्या वेचत होती. आपल्या मेलेल्या लेकीचं नाव पुकारलेलं तिनं ऐकलं, आणि त्यावर कोणीतरी "हजर" म्हटलेलंही ऐकलं. ती उभी राहिली. टोपली उचलली अन् निघून गेली. मला वाटलं, आता डोमाभाऊ येऊन माझी गचांडी धरणार. तिसऱ्या दिवशी शकुबाईच आली. हातात धुतलेला निळा फ्रॉक होता. "थंडी पडून राह्यली बाई. तिच्या अंगात काईच नाई," एवढंच म्हणाली. फ्रॉक बुधरीला बरोबर बसला.

मग मी तिला शिकवलं. माझ्यासारखं कोणी शिकवलं नसेल! मराठी तिला यायलाच हवी होती, नाहीतर कोणीही येऊन विचारलं असतं, ही कोण? आणि येणारे येतच होते. कोणी वर्दीत, कोणी बिनवर्दीत, कोणी जीपमधून, कोणी पायी. नदीपल्याडचे किती, कुठी राहतात, पोरं कोणाची. म्हणून शाळेत तिची बोली बंद. एक शब्द निघाला की मी टेबलावर पट्टी आपटायची. मारलं कधीच नाही, पट्टी फक्त आपटायची. ती दचकायची अन् गप्प व्हायची. मी एक वही केली होती, डाव्या बाजूला तिचे शब्द, उजव्या बाजूला माझे. साहेबांना ती वही फार आवडली, एका शिबिरात मला त्यावर बोलायला लावलं, टाळ्या पडल्या. पहिल्या पानावर पहिलं वाक्य, निवा पोरोल बाता, तुझं नाव काय. त्याचं उत्तर मी तिच्याकडून रोज घोटून घ्यायची, पण मराठीत अन् मी ठरवलेलं. "नाव काय तुहं?" "भाग्यश्री डोमा शेंडे." "तुले गोंडी येते?" "मले नाई येत ते भाषा." सात वर्षांची पोर, अंगात निळा फ्रॉक, माझ्या कपाळाकडे बघत. कधी कधी मला तिचा इतका लळा यायचा की मी तिला जवळ ओढायची, अन् तिच्या केसांना येणाऱ्या धुराच्या वासानं मला भडभडून यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी.

तिची आई एकदाच माझ्याशी बोलली. फेब्रुवारीत, मिरची तोडायला खाली तेलगू मुलखात टोळी निघाली होती, त्याच्या आदल्या दिवशी. नवरा आधीच कुठंतरी गेलेला, किंवा नेलेला, ते मला कळलं नव्हतं. ती शाळेच्या दारात उभी राहून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मधे हाताची दोन बोटं दाखवली, मधे नदीकडे हात केला, मधे पोरीकडे. बुधरी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढील कशी, शाळेच्या हद्दीत होती ना! मी मान हलवत राहिले. हो, हो, ठीक आहे, असं. त्या बाईला बरं वाटलं असावं. ती वाकली, माझ्या पायाला हात लावला आणि गेली. मिरचीची टोळी एप्रिलात परत आली, ती आली नाही. नदी ओलांडून नवऱ्याला शोधायला गेली असं कोणी म्हणालं. आई गेल्यापासून पोरगी शकुबाईकडे होती, ती तिथंच राहिली. तिथं ती हळूहळू भाग्यश्रीच झाली. पुढे अहेरीचं वसतिगृह, मग नर्सिंग. प्रत्येक ठिकाणी मी काढलेला दाखला, त्याच्यावर मेलेल्या पोरीची जन्मतारीख.

सिस्टरनं पट्टी सोडून टाचेवर औषध ओतलं होतं. "पाच मिनटं वाळू द्या आजी," म्हणून ती कापूस आणायला गेली. पलीकडे म्हातारी ओरडली. शब्दाचं ओरडणं नव्हतं ते, नुसती कळ. मी उठले. उघडी टाच तशीच चपलेत सरकवली अन् दारातून आत गेले. भीती वाटत होती, रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. बुधरीनं वळून बघितलं. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती, भाग्यश्री डो. शेंडे. जवळ येऊन ती दात आवळून हळूच म्हणाली, "बाई, तुमी काऊन आल्या इथी? माह्ये कागदं तपासून राह्यले. पुढच्या महिन्यात नोकरीत पक्की होते मी. जा नं तुमी." तिचं काय चुकलं? नदीपल्याडची ती बोली एकदा तोंडातून बाहेर पडली की आया विचारणार, डोमा शेंड्याच्या पोरीला ही कुठून आली? मग एकेक कागद उसवत जाणार, थेट माझ्या हजेरीपर्यंत. "तुझं नाव नाही घेत मी," मी म्हटलं. आणि डॉक्टरणीला मोठ्यानं म्हटलं, "मॅडम, मी तिकडे मास्तरीण होते. मला थोडी येते."

मी खाटेशी बसले. म्हातारीचे ओठ सुकून फाटले होते. मी म्हटलं, "येर?" म्हणजे पाणी. तिनं झटकन डोळे उघडले. आणि मग जे सुरू झालं! हातभर वाक्यं, एकामागून एक, मधे कळ आली की थांबायची, परत बोलायची. माझ्या वहीत दीडशे शब्द होते. मी ते मनातल्या मनात भराभर उलटले. बस. ऊठ. ये. जा. गप्प. पाणी. पुस्तक. रांगेत उभा राहा. दीडशेत दुखतं हा शब्द नव्हता. भीती वाटते हा नव्हता. पोराशी बोलायला मास्तरणीला जेवढे लागतात तेवढेच मी गोळा केले होते, अन् त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. "काय म्हणते?" दिव्यानी मॅडमनी विचारलं. मी म्हातारीकडे बघून मान हलवली. हो, हो, ठीक आहे.

"मान नोका हालवू बाई." सलाईनची नळी नीट करायच्या निमित्तानं बुधरी माझ्या मागे येऊन वाकली होती. "माह्या मायले बी तुमी अशीच मान हालवली होती." तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मला वाटलं, आता इथंच कोसळावं अन् कोणीतरी मलाही खाटेवर टाकावं. मग त्याच कानात तिनं एक वाक्य सांगितलं, तिकडच्या बोलीतलं. मी ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हटलं. पट्टीच्या धाकानं शिकणाऱ्या पोरासारखं, तोंड वाकडं करून, चुकत. म्हातारी थांबली. उत्तर आलं. बुधरीनं नळीला टिचकी मारत मराठी केली, "ते म्हणते, मांगं बी तिनं असाच अंगठा देल्ला होता. तांदूळ देतो म्हणे. त्याच दुपारी तिच्या पोराले गाडीत घालून नेलं. मंग तो कोणाले दिसलाच नाई." मी ते डॉक्टरणीला सांगितलं. दिव्यानी मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांगा, हा कागद तो नाही. हा फक्त पोटाचा आहे. मी स्वतः कापणार, मीच शिवणार." पुन्हा कानात वाक्य, पुन्हा माझ्या तोंडून. असं चारदा, पाचदा झालं. माझ्या मागं म्हणा, असं मी जन्मभर पोरांना म्हणत आले. टाचेतून चपलेत ओल उतरत होती ते दिसत होतं, कळत नव्हतं. दिव्यानी मॅडमचा फोन वाजला, ऑपरेशनची खोली तयार होती. त्या दोन खाटा पलीकडे जाऊन बोलू लागल्या. आया दारातच पदर खोचून उभी होती.

म्हातारी आता माझ्याकडे बघत नव्हती. इतका वेळ ती माझं तोंड बघत असेल असं मला वाटत होतं, पण ती बघत होती माझ्या खांद्यावरून, मागच्या ओठांकडे. खुळी नव्हती ती. तिनं मूठ तशीच छातीवर दाबून धरली अन् सरळ बुधरीला विचारलं, "निवा पोरोल बाता?" एवढं मात्र मला कानात सांगावं लागलं नाही. पुढे ती आणखी काही म्हणाली. "काय म्हणते गं?" मी विचारलं. "म्हणते, मागणारीचं नाव समजल्याबिगर मी अंगठा देत नाई. कोनाची, कुठची, सांग, मंग देतो." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ती सहा वर्षांचीच वाटली. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या कपाळाकडे. सतरा वर्षांनी पोरगी तोंडी परीक्षेला उभी होती अन् मी पट्टी कधी आपटते याची वाट बघत होती.

मी उठले आणि खाटेचा हिरवा पडदा ओढून घेतला. कापडाचा पडदा तो, त्यानं काय अडतं? पण माझ्या हातात तेवढंच होतं. "सांग," मी म्हटलं. "बाई, आया हाय बाहेर." "मला दिसते ती. उद्या कोणी विचारलंच तर हजेरी मी घेतली होती, मी सांगीन. तू सहा वर्षांची होतीस. तू सांग." ती खाली बसली, म्हातारीच्या तोंडाशी तोंड नेऊन, आणि बोलली. कुजबुजत नाही, बोलली. बुधरी, हे मला कळलं. पुढचं कळलं नाही. म्हातारीनं काहीतरी विचारलं, हिनं उत्तर दिलं, पुन्हा विचारलं, पुन्हा दिलं. सुरुवातीला अडखळत, शब्द शोधत, मग जरा सुटं. त्यात एक नाव दोनदा आलं, लालसू. म्हातारीनंही ते एकदा म्हटलं, ओळखीचं म्हणून नव्हे, नीट लक्षात राहावं म्हणून. पडद्याबाहेर दिव्यानी मॅडमचा फोनवरचा आवाज थांबला होता. मग म्हातारीनं मूठ उघडली. अंगठा घामानं ओला झाला होता. बुधरीनं तो कापसानं पुसला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर धरला.

पडदा बाजूला झाला. "भाग्यश्री," दिव्यानी मॅडम म्हणाल्या, "तुला येते ना ही भाषा?" बुधरीनं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "येते मॅडम. मले येते." त्या काहीतरी विचारणार होत्या, पण स्ट्रेचर आलं अन् सगळेच धावले. म्हातारीला नेताना तिनं बुधरीचं मनगट धरलं होतं, ते दरवाज्यापर्यंत सोडलं नाही. बुधरी परत आली तेव्हा मी त्याच खाटेच्या कडेला बसले होते, माझ्या टाचेखाली फरशीवर डाग पडला होता. ती खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला अन् पट्टी बांधायला लागली. तिच्या बोटांना निळी शाई लागली होती.

"लालसू कोण गं?" मी विचारलं.

"माहा बाप," ती म्हणाली.

तो रकाना आधीच भरलेला होता. तिच्या बापाचं नाव काय, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.